रेखाच्या बरगडीत अडकलेला श्वास

प्रिय रेखाच्या आई,

तू गेल्यावर इतक्या वर्षांनी लिहितो आहे, माफ कर. काल मी तुझ्या दिराचा, नामदेवचा, हात मोडला. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगतो.

आपल्या रेखाला तुझाच आजार झाला आहे, लुपस, शरीर स्वतःवरच उलटतं तो. गालावर तसेच लाल चट्टे, तशीच सुजलेली बोटं. परवापासून तिला दम लागतो. श्वास ओढला की बरगडीत सुरी खुपसल्यासारखी ओरडते.

नामदेव म्हणाला, "वारा भरला बरगडीत. डाग दिला का मोकया होते." आणि चुलीत विळा लाल केला. तुझ्या छातीवरही त्यानेच डाग दिला होता. मांस जळाल्याचा तो वास! तू ओरडलीसही नाहीस. काहून नाही ओरडलीस गं?

रेखा ओरडली. "बाबा, काकाले धरा!"

मी काठी त्याच्या मनगटावर हाणली. हाड कडकन वाजलं. विळा त्याच्याच पायावर पडला, कातडी चरचरली.

"भाऊ, हात तोडला ना माया!"

"उठला तं दुसराबी तोडतो!"

तिला अकोल्याला आणलं. दवाखान्यात एक डॉक्टर दम्याचा पंप देऊन घरी पाठवत होता. तुलाही पंपच दिला होता ना? मी टेबलावर मूठ आपटली, काच फुटली, हात कापला. "लुपस हाये तिले! पंप देऊन मारता काय?"

मोठ्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. "आजोबा, हात बांधून घ्या आधी. पण बोलता ते खरं आहे. लुपसमध्ये दम लागला की नुसता दमा धरून चालत नाही. फुप्फुसाभोवती पाणी, हृदयाभोवती पाणी, न्यूमोनिया, रक्त कमी, सगळं तपासावं लागतं."

एक्स-रे साफ आला. हृदयाची सोनोग्राफी केली, तिथेही पाणी नव्हतं. मला वाटलं, सुटलो! बाईंनी मात्र तिच्या पायांवरची चादर ओढली. डावी पोटरी टम्म फुगलेली. मग शिरेत औषध सोडून सीटी स्कॅन केला. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन अडकली होती.

तुझा पाय कोणी असा उघडून पाहिला असता तर?

आता रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू आहेत. बाई म्हणतात, आजचा दिवस जड आहे. दाराबाहेर बसून मी तिचा श्वास ऐकतो. मध्येच ऐकू येत नाही, तेव्हा उठून धावतो. नर्स खेकसते.

वचन देतो, ती पायांनी चालत घरी येईपर्यंत मी या दारापासून हलणार नाही. तू तिला बोलावू नकोस. तुला एकटं वाटत असेल तर मला ने. काय ठरवलंस ते स्वप्नात येऊन कळव, पण लवकर कळव.

तुझा,
रेखाचे बाबा