खुल्या पानाच्या तळाशी

३ फेब्रुवारी १९८१, मंगळवार

आज मोर भवनच्या बसस्थानकावर आमचं 'खुलं पान' चिकटवलेलं दिसलं. सवयीने वाचत खाली आलो आणि तळाशी थांबलो. 'संपादक, मुद्रक, प्रकाशक – कृष्णकांत'. ठळक. अधोरेखित.

अकरा वर्षं तो तळ कोरा होता. कोरा ठेवायचा हा माझाच नियम. पाठशाळेत शास्त्रीबोवा जुन्या पोथ्या दाखवत, त्यांतल्या काहींवर नकलून काढणाऱ्याचं नावच नसे. 'चुकलं असेल तर वाचणाऱ्याने दुरुस्त करून घ्यावं' एवढंच लिहून तो गृहस्थ मोकळा. मला तो माणूस फार आवडे. म्हणून पानाचंही तसंच ठरवलं. रेशनकार्डाचा अर्ज कसा लिहायचा, दवाखान्यात कोणत्या वारी कोणता डॉक्टर, नाव चुकलं तर तलाठ्याकडे काय मागायचं – सगळं एका पानावर. कोणीही नक्कल काढावी, आपल्या गावापुरतं बदलावं, एक प्रत आम्हाला परत पाठवावी. चांगलं बदललं असेल तर आम्ही ते उचलायचं. एका मोहल्ल्यापासून चौदा गावांपर्यंत गेलं.

(खरं लिहायचं तर नाव नसण्याला दुसरंही कारण होतं. मी दैनिकात वार्ताहर, आणि आमच्या वार्ताहराने दुसरं पत्रक काढलं तर त्याची नोकरी जाते. पण पोथीचं कारण सांगायला जास्त शोभतं.)

लिहायचं मी. स्टेन्सिल कापायचं, सायक्लोस्टाईलचा दांडा फिरवायचा कृष्णकांतने. आणि आता तळाशी एकटा तोच.

४ फेब्रुवारी

कोर्टासमोर गेलो. कृष्णकांत टाईपरायटर मांडून बसलेला. कोणाचं तरी प्रतिज्ञापत्र चालू होतं. मला पाहून मान वर केली नाही.

"काय गा संपादक," मी म्हटलं.

"बसा, भैय्याजी. हे एवढं संपवतो."

मी उभाच राहिलो. पक्षकार गेल्यावर म्हणाला, "कलेक्टर कचेरीत पानाचं डिक्लेरेशन घेतलं, माह्या नावानं. कायद्यानं कोणाचं तरी नाव लागतेच."

"अकरा वर्षं लागलं नाही ते?"

"आता लागून राहिलं."

"मला विचारायचं होतंस."

"तुमी नाही म्हटलं असतं."

"म्हणून विचारलं नाहीस?"

"म्हणूनच तं."

तर्कशास्त्राच्या दृष्टीने उत्तर निर्दोष. मी म्हटलं, पेटी उघडायला येतो. मूळ मजकुराच्या सगळ्या कागदांची ती पत्र्याची पेटी त्याच्याच खोलीत असते. किल्ल्या दोन, एक माझ्याकडे. म्हणाला, "ते कुलूप बदललं." आणि मग, कागद यंत्रात सरकवत, "पेटीत आता काही नाही, भैय्याजी. जाळून टाकलं."

अकरा वर्षांची माझी हस्तलिखितं. मी सरळ घरी निघालो. वाटेत सुचलं ते इथे लिहिण्याइतकं शुद्ध नव्हतं.

६ फेब्रुवारी

यमुताई म्हणाली, "दोन दिवस झाले, मीठ कमी म्हणून एकदाही बोलला नाहीस. बरं वाटत नाही का?" मोठ्या बहिणींना रोगनिदान फार लवकर जमतं.

९ फेब्रुवारी

सावनेरहून रुपराव आला. तिकडचं पान तोच काढतो. शेती सांभाळून. ओसरीवर टेकला आणि पाणी पिण्याआधीच सुरू झाला.

"भैय्याजी, कृष्णकांतले काय झालं? परवा सावनेरले आला होता. माह्यापाशी जुनी पानं होती ना, सगळी गोळा करून घेऊन गेला. म्हणे, आता मले इचारल्याबिगर नक्कल काढाची नाही."

"तू दिलीस?"

"मले वाटलं तुमीच धाडलं त्याले."

म्हणजे नाव घेतलं, पेटी घेतली, आता गावंही घेतली. कुंपण घालायला निघालाय. ज्या विहिरीवर सगळ्यांनी पाणी भरावं म्हणून मी दोर सोडला, तिच्यावर हा रहाट लावून बसणार.

रुपराव मध्येच म्हणाला, "का गा भैय्याजी, त्या राकेलवाल्याची बातमी आमी डिसेंबरच्या पानात टाकली, त्याच्यावरून तं नाही? तो दुकानदार लय तापला होता. पाहून घेतो म्हणे."

त्या बातमीत नाव घालून लिहिलं होतं की हा राकेल कमी मापतो. पुरावा काय, तर 'सगळ्यांले माहीत आहे'. खुल्या पानाचा हा धोका पहिल्यापासूनच. कोणीही काहीही घुसडू शकतो. मी रुपरावला त्यावर दोन शब्द ऐकवले आणि पुन्हा कृष्णकांतवर आलो. राकेल कुठे, विश्वासघात कुठे.

रुपराव निघाला तेव्हा यमुताई त्याला म्हणाली, "त्याच्या पोटात कायतरी आहे गा. कृष्णकांत असा नाही."

"यमुताई," मी म्हटलं, "सगळेच विश्वासघातकी आधी 'असे' नसतात."

वाक्य बरं होतं. दोघांपैकी कोणालाही आवडलं नाही.

१२ फेब्रुवारी

कलेक्टर कचेरीत तक्रार दिली. चार पानं. डिक्लेरेशन खोटं आहे, पानाचा मूळ कर्ता मी आहे, १९७० सालापासून प्रत्येक मजकूर माझा आहे, कृष्णकांत केवळ टंकलेखक. सालवार, अंकवार. सावनेरच्या प्रतीसुद्धा आमच्याच पानाची शाखा आहेत, हेही घातलं – व्याप्ती दिसावी म्हणून.

टाईप करून घ्यायचा विचार होता. पण नागपुरात माझा भरवशाचा टंकलेखक एकच, आणि तक्रार त्याच्यावरच. हातानेच लिहिली.

यमुताईने वाचायला मागितली. वाचून म्हणाली, "अक्षर छान आहे. आधी त्याच्याशी एकदा नीट बोलला असतास."

"बोललो की."

"तू टोमणे मारलेस. बोलला नाहीस."

कारकुनाने शिक्का मारला. मला हलकं वाटलं.

१३ फेब्रुवारी

जेवताना मीठ कमी असल्याचं सांगितलं.

१७ फेब्रुवारी

बसस्थानकावर नवं पान नाही. खांबावर जुन्याचे फाटके कोपरे तेवढे. एका बाईने विचारलं, दवाखान्यातले डोळ्यांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात. मला सांगता आलं नाही. ते नेहमी कृष्णकांत जाऊन विचारून येई.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

रुपराव आत्ता येऊन गेला. त्याला आणि कृष्णकांतला आज सावनेरच्या ठाण्यात बोलावलं होतं. राकेलवाल्याने जानेवारीतच बदनामीची फिर्याद केली आहे. बिननावाचं पत्रक कोण काढतं, याचा शोध चालला होता. कृष्णकांतला कोर्टात आधी कळलं. म्हणून डिक्लेरेशन, म्हणून पेटी, म्हणून गावोगावची पानं. ठाण्यात त्याने जबाब दिला की अकरा वर्षं सगळं आपण एकट्यानेच केलं. मग फौजदारांनी कलेक्टर कचेरीतून आलेली माझी तक्रार त्याच्यापुढे ठेवली. माझी सही असलेली चारही पानं.

त्याने ती नीट वाचली म्हणे. आणि म्हणाला, "साहेब, भैय्याजीचं अक्षर मी अकरा वर्षं पाहून राहिलो. हे त्याईचं नाही."