ताई, चाक पुन्हा बोटानं फिरतंय

प्रिय ताई,

तुला पत्रं आवडायची नाहीत. "समोर ये आणि बोल," म्हणायचीस. आता समोर कुठे येऊ गं? पण आज तिकोणा पेठेहून परतल्यापासून मला राहवत नाहीये. सांगितल्याशिवाय चैन पडायची नाही, आणि ही गोष्ट ऐकायचा पहिला मान तुझाच.

तुझी गाडी चालू झाली! स्टिअरिंगचा पंप पार गेला होता. तो काढून दुसरा बसवला आणि आज तुझी ती अवाढव्य, हिरवी, जुनी विलायती गाडी मीच चालवत नेली. शेजारी मिलिंददादा बसला होता. हो, आपला दादाच! तुझ्या गाडीला जन्मभर "रणगाडा" म्हणणारा.

तुला आठवतं, ही गाडी पहिल्यांदा कुठे भेटली? लोणावळ्यात त्या बंगल्यातल्या म्हाताऱ्या मॅडमकडे तू शाळेसाठी जुनी पुस्तकं मागायला गेली होतीस. येताना पुस्तकांचं नावच नाही! दारातूनच ओरडलीस, "कुसुम, त्यांच्या गाडीचं चाक बोटानं फिरतं गं! एका बोटानं!"

मला काही कळेना. मग तू समजावलंस. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो, तो तेल जोरानं ढकलतो, आणि चाक वळवायचं निम्म्याहून जास्त काम ते तेलच करतं. गियरसुद्धा आपोआप पडतात. बोलताना तुझा उजवा हात हवेत गोल फिरत होता. डावा नेहमीसारखा पोटाशी. लहानपणी गावी, नवलाख उंबऱ्यात, जांभळावरून पडलीस आणि हाड वेडंवाकडं जुळलं, तेव्हापासून त्या हाताला ना धड सरळ होता यायचं ना काही घट्ट धरता यायचं. तुझ्याबरोबरच्या बाया स्कूटर शिकल्या आणि तू एसटीच्या थांब्यावर उभी राहिलीस. कधी तक्रार केली नाहीस. पण त्या दिवशी तुझा चेहरा पाहिला आणि मला कळलं, तुला किती वाटत होतं ते!

मॅडमची मुलं परदेशात. गाडी पोर्चमध्ये धूळ खात होती. त्यांनी ती तुला जवळजवळ देऊनच टाकली.

आणि लायसन्सची परीक्षा! ते साहेब तुझ्या हाताकडे बघून म्हणाले, "बाई, एका हातानं गाडी चालवणार तुम्ही?"

तू म्हणालीस, "साहेब, तुम्ही सही किती हातांनी करता?"

दादानं कपाळावर हात मारला. आता काही लायसन्स मिळत नाही, असं मलाही वाटलं. पण तू त्या धुडाला मैदानात असा झोकात आठचा आकडा काढायला लावलास, की साहेबच हसायला लागले. "अजून एकदा काढा," म्हणाले. शंका म्हणून नव्हे, बघायला मजा आली म्हणून!

मग पवनेकडच्या शाळेत मुख्याध्यापिका झालीस आणि लोणावळ्याहून रोज खिंड उतरून जायला लागलीस. गावोगावची पोरं लांबूनच ओळखायची, "बाईंची गाडी आली!"

तर ऐक आता. तू गेलीस, तुझा जलदानविधी झाला, पाहुणे पांगले आणि गाडी आपल्या दारात उभी राहिली. मी मधूनमधून सुरू करायचे, गल्लीला एक चक्कर मारून परत लावायचे. धरणाच्या काठी एक नवा रिसॉर्ट झालाय, त्यांनी दादाला गाठलं. त्यांना जुनी गाडी फाटकाशी उभी करायची होती, लोकांना फोटो काढायला. दादा म्हणाला, "कुसुम, दारात कुजण्यापेक्षा चार लोकांनी पाहिलेली बरी नाही का?" त्याचंही काय चुकलं सांग? त्याला चालवता येत नाही, माझं वय झालं. ठरलं. शेवटची फेरी म्हणून मीच चालवत नेते म्हटलं.

लोणावळं सोडलं तेव्हापासून बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज येत होता. वळण आलं की जास्त. दादा म्हणाला, "रुसलीय बघ." मला हसू आलं. तिकोणा पेठ दोन-तीन वळणांवर राहिली असेल नसेल, आवाज एकदम वाढला आणि चाक दगडासारखं झालं!

ताई, मी दोन्ही हातांनी ओढलं. चाक हलेना. समोर वळण, खाली ओढा. "दादा!" म्हणून ओरडले. त्यानं बाजूनं वाकून दोन्ही हात घातले. दोघांनी मिळून जीव खाऊन ओढलं तेव्हा कुठे गाडी कशीबशी वळली आणि कडेच्या गवतात जाऊन थांबली. दादा घामानं निथळत होता. खाली उतरून बघतो तर गाडीखाली तेलाचं थारोळं.

तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेऊन एक म्हातारे आले. भारा खाली टाकून गाडीभोवती फिरले.

"ही बाईंची गाडी न्हवं?"

"हो आबा. मी त्यांची बहीण. हा आमचा भाऊ."

"मंग बाई कुटं हायत?"

दादा म्हणाला, "बाई गेल्या, आबा. हार्ट अटॅक आला."

आबांनी डोक्यावरची टोपी काढली. मग बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "चाक जड झालं व्हय?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तवाबी असंच झालतं की! माज्या सुनंला कळा लागल्या. ना जीप मिळंना ना काय. बाई शाळंतनं निगाल्या हुत्या, त्यांनी घेतलं गाडीत. खिंडीच्या अलीकडंच चाक जड झालं. लय धुकं हुतं. मी मागं सुनंला धरून बसल्यालो. म्हनलं, बाई, मी येऊ का म्होरं, हात लावू का? तर म्हनल्या, 'आबा, तुमी सुनंला धरा. चाकाचं मी बघते.' लोणावळ्याच्या दवाखान्यापतूर एका हातानं नेली बगा गाडी. डावा हात नुसता चाकात अडकवायच्या, न् उजव्यानं वडायच्या."

ताई!

खिंड, धुकं, दगड झालेलं चाक. आम्हा दोघांना चार हातांनी एक वळण निभवेना आणि तू सगळा घाट एकटीनं पार केलास?

आणि आम्हाला एका शब्दानं बोलली नाहीस? मला आठवतंय ना, एकदा तू बरेच दिवस खांदा शेकत होतीस. विचारलं तर म्हणालीस, "फळ्यावर जास्त लिहिलं गेलं." फळ्यावर! आणि मी खुळी, तेल चोळत तुलाच उपदेश करत होते, "मुख्याध्यापिकेनं कशाला फळ्यावर लिहायचं, बाकीचे मास्तर काय करतात?" तू गप्प हसत होतीस. असं का केलंस गं? आम्ही काय ओरडलो असतो? बरं, दादा ओरडला असता. पण मला तरी सांगायचंस!

गाडी टो करून परत लोणावळ्याला आणली. रिसॉर्टवाल्यांचा फोन आला, पंप गेला तर काय बिघडलं, आम्हाला नुसती उभीच करायचीय, क्रेन पाठवतो. दादानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माफ करा. ती उभी करायची गाडी नाही." फोन ठेवून माझ्याकडे न बघता आत निघून गेला. तू असतीस तर त्याची चांगली फिरकी घेतली असतीस. मी नाही घेतली.

तुझ्या अन्वर मिस्त्रींनी पंप उघडला. आतल्या बाजूला सगळीकडे चरे पडले होते. म्हणाले, "पूर्वी कधीतरी हा कोरडा फिरलाय. बाईंनी पाईप फुटलेली गाडी आणली होती, तेव्हा पाईप बदलून दिला मी. पंप चालत होता म्हणून खोलला नाही." म्हणजे त्याच दिवशी, ताई! तेल सगळं रस्त्यावर सांडलं आणि पंप घाट संपेपर्यंत तसाच कोरडा फिरत राहिला. पुढे इतकी वर्षं तो कण्हत चालला, आणि तू त्याच्याबरोबर.

मिस्त्रींनी आधी तेल अडवणारं नवीन सील घालून बघितलं. आठवडाभर बरं चाललं, मग पुन्हा गळायला लागलं. पंपाच्या दांड्यालाच चरा पडलेला, सील काय करणार? तस्साच पंप परदेशातून मागवायचा तर केव्हा येईल, येईल की नाही, सांगता येईना. पुण्याचे एक जुन्या गाड्यांचे शौकीन आहेत, दादानं त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "दुसऱ्या गाडीचा पंप अजिबात लावू नका. मूळपण जातं. प्रदर्शनात कुणी उभं करणार नाही."

मी फोन घेतला. "आमच्या ताईला चाक वळण्याशी मतलब होता हो. प्रदर्शनात ती कधी गेलीच नाही." बरोबर बोलले ना? तूच म्हणायचीस, शाळेचं छप्पर गळत असताना रंगाचं बोलू नये.

शेवटी मिस्त्रींनी एका टेम्पोचा पंप आणला. तो बसेना, म्हणून तळेगावहून लेथवर त्याला धरणारी पट्टी घडवून आणली. पट्टा सरळ बसेना, म्हणून ती पुन्हा घासून आणली. अन्वरभाई दोनदा वैतागले, एकदा तर मला म्हणाले, "ताई, हात टेकले मी." पण दुसऱ्या दिवशी चहा पिऊन परत गाडीखाली!

मग तेलातली हवा काढायची. गाडीची पुढची बाजू जॅकवर उचललेली, मी चाकावर, दादा बॉनेटमध्ये डोकं घालून. मी चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि त्यानं तेलात बुडबुडे येतात का ते बघायचं.

"अजून येतायत! फिरव!"

"हात दुखले रे दादा!"

"ताईचे दुखले नव्हते?"

एवढं बोलला आणि बॉनेटमधून डोकं बाहेर काढेना. मी चाक फिरवत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाला, "थांबले बुडबुडे."

आणि आज आम्ही आबांकडे गेलो. आबांनी घराबाहेर बाज टाकून ठेवली होती. सून आली, सविता तिचं नाव. त्या दिवशी झालेली तिची मुलगी आता तळेगावला कॉलेजात जाते. सविता म्हणाली, "बाईंनी मला लय तरास दिला त्या दिवशी!"

मी चमकलेच.

"इकडं कळा येतायत, अन् त्या म्हणतायत, सविता, सतराचा पाढा म्हण. मी म्हणलं, येत न्हाई. तर म्हणल्या, मग म्हण माझ्यामागं. सगळी वाट पाढा म्हणून घेतला. मला वाटलं, बाईंना काय येडबिड लागलंय का!"

आम्ही इतके हसलो, ताई! मग सविता गाडीपाशी आली. चाकाला हात लावू का, म्हणाली. मी तिला चालवायच्या जागी बसवलं, गाडी सुरू केली. तिनं एका बोटानं चाक या बाजूला फिरवलं, त्या बाजूला फिरवलं. आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"एवढं हलकं असतंय व्हय हे? मग बाई त्या दिवशी घामानं भिजल्या कशानं हुत्या? थंडी हुती की."

तिला ठाऊकच नव्हतं! कळांच्या भरात तुझं-आबांचं बोलणं तिच्या कानी पडलंच नव्हतं. मी आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "बाई म्हनल्या हुत्या, पोरीला कळू देऊ नगा, घाबरंल. म्हून न्हाई सांगितलं."

"अहो आबा, पण नंतर इतक्या वर्षांत?"

"नंतर सांगा, असं कुटं म्हनल्या त्या?"

मग दादानंच सविताला सगळं सांगितलं. पाईप फुटला ते, चाक दगड झालं ते, डावा हात चाकात अडकवला ते. ती खाली मान घालून ऐकत होती. दोन्ही हात चाकावर तसेच. मग डोळे पुसून मला म्हणाली, "मला शिकवाल ही चालवायला?"

ताई, मी हो म्हटलंय. दर रविवारी गाडी घेऊन जाणार, शाळेच्या मैदानात तिला शिकवणार. तुझ्याइतकी शांत मी नाही, पण तिच्यावर ओरडणार नाही, हे तुला वचन. गाडीला कुठे उभी करून ठेवणार नाही, हेही वचन.

फक्त एका बाबतीत तुझं ऐकणार नाही, आणि सवितालाही तेच शिकवणार. चाक जड झालं, तर शेजारी बसलेल्याला सांगायचं, "जरा हात लाव गं."

तुझी,
कुसुम