राखेतले पावटे

सोलापूर,
ता. १२ डिसेंबर २०२४

चि. सौ. इंद्रायणी हिस,

पाकीट पाहून दचकू नकोस, इथं सगळं बरं आहे. माझे गुडघे कुरकुरतात, पण ते तू या घरात होतीस तेव्हाही कुरकुरतच होते. नळाला पाणी अजून चार-पाच दिवसांनीच येतं. शेजारच्या सावित्रम्मा दर सणाला विचारतात, "सून कधी येणार वो तुमची? लई दिवस झाले की." आणि मी दर सणाला राजसच्या रेल्वेच्या ड्युटीवर ढकलते. तो अधूनमधून एकटाच येतो, जेवतो, जातो.

पत्राचं कारण असं, की गेल्या आठवड्यात राजस फोनवर म्हणाला, "आई, कुर्डुवाडीच्या क्वार्टरमागं पाणी तापवायला बंब लावलाय. राखेची दोन पोती साठलीत. इंद्रायणी विचारत होती, एवढ्या राखेचं करायचं काय?" तू खरंच विचारलंस, की आपलं बोलणं सुरू व्हावं म्हणून त्यानं ठोकून दिलं, हे मी त्याला विचारलं नाही. तू विचारलंस असंच धरून चालले आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू "हो आई, बरं आई" एवढंच म्हणतेस. मी तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. पोर गप्प बसलं की माझी बडबड आणखीच वाढते.

तर राख. आधी लोखंडी बादलीत दोन दिवस थंड होऊ दे. वरून गार दिसते आणि आत निखारा असतो. बंबात प्लास्टिक किंवा रंग दिलेली फळकुटं जाळली असतील तर ती राख कशालाच वापरू नकोस, टाकून दे. नुसत्या लाकडाची असेल तर पिठाच्या चाळणीनं चाळ. (जुन्या चाळणीनं. तुला हे सांगायला नको, पण राजसला सांग.)

तांब्या-पितळेला चिंच आणि राख. जळक्या कढईला राख ओली करून तासभर लावून ठेवायची, पाणी कमी लागतं. अॅल्युमिनियमला मात्र लावायची नाही, काळं पडतं. आणि भांडी झाली की हाताला खोबरेल तेल चोळ. तुझे हात थंडीत फार उलतात. मी तेव्हा बघत होते, बोलले नाही. तेलाची बाटली मोरीच्या खिडकीत आणून ठेवली होती, तीही तू आपली नसेल म्हणून कधी उघडली नाहीस.

वांग्यावर मावा पडला तर सकाळी पानं दवानं ओली असताना राख भुरभुरायची. कढीपत्त्याला महिन्यातून मूठभर, जास्त नको. फरशीवर तेल सांडलं तर आधी राख टाकायची, मग झाडायचं. पण राखेचा खरा उपयोग कडधान्याला. कडक उन्हात वाळवलेलं कडधान्य आणि कोरडी राख डब्यात थरावर थर भरली, की वर्षभर किडा शिवत नाही.

इथपर्यंत लिहून मी उठले, चहा केला, झाडांना पाणी घातलं. आता पुन्हा बसले आहे. डब्याचं नाव काढलंच आहे, तर पुढचंही लिहिते.

तुझे सासरे बँकेत कारकून होते, पण त्यांचा जीव मागच्या कुंपणावरच्या पावट्यात. त्यांच्या आईनं केम गावाहून आणलेलं बी, तांबूस ठिपक्याचं. दर वर्षी चांगल्या शेंगा वाळवून बी राखेत ठेवायचे आणि मृगात लावायचे. ते गेले त्या वर्षीचा डबा त्यांनीच भरलेला होता. तू घरात येऊन सहा महिने झाले होते. कोठीत राखेचे दोन डबे होते, एक खायच्या पावट्यांचा आणि एक त्यांच्या बियाण्याचा.

तू एक डबा पुरता रिकामा करून उसळ केलीस. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि म्हणाले, "अशी उसळ मला जन्मात जमली नाही." शिजल्यावर ठिपके जातात गं, मला कुठं कळणार. चार दिवसांनी बी लावायला वरचा डबा उघडला, तर आत बाजारचे पांढरे पावटे.

राजससमोर मी तुला म्हणाले, "वरच्या फळीवरचा डबा घे म्हणून सांगितलं होतं ना?" तू माझ्याकडे नुसती बघत राहिलीस. मग म्हणालीस, "माझंच ऐकण्यात चुकलं असेल." त्यावर मी म्हणाले, "ज्याचं जळतं त्यालाच कळतं, तुला काय कळणार." हे मी कुणाला म्हणाले? आठव्या वर्षी आई गेलेल्या मुलीला. महिनाभरात राजसनं बदली मागून घेतली.

इंद्रायणी, तुझ्या ऐकण्यात काही चुकलं नव्हतं. मी "खालचा डबा" म्हणाले होते. फळ्या पुसताना डबे मीच खालीवर केले होते आणि विसरले होते. तू माझ्याकडे बघत राहिलीस तेव्हाच मला ते आठवलं. बरं का, तेव्हाच. नंतर कधीतरी नव्हे. पण त्यांचं शेवटचं बी माझ्याच हातानं गेलं, वर मी ते चाटूनपुसून खाल्लं, हे मला सोसवेना. तू समोर होतीस, सोसणारी होतीस, म्हणून तुझ्या माथी मारलं. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं करायचे.

बी परत येणार नाही. त्याचं दुःख आता पूर्वीसारखं होत नाही. तुझं होतं. सकाळी चहाचं आधण अजून दोन कप जास्त ठेवलं जातं. तू गुणगुणत कणीक मळायचीस, मी आत आले की थांबायचीस. मी मुद्दाम दाराबाहेर उभी राहून ऐकायचे.

काल राजसला हे सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अडीच वर्षं, आई?" आणि फोन ठेवला. तो तुला सांगेलच, पण तू माझ्याकडूनच ऐकावंस म्हणून हे पत्र.

रविवारी, २२ तारखेला, सकाळच्या गाडीनं मी कुर्डुवाडीला येते आहे. घरी येणार नाही. सासू दारात उभी राहिली की सुनेला आत घ्यावंच लागतं, तो पेच मला तुझ्यावर टाकायचा नाही. दुपारच्या परतीच्या गाडीपर्यंत स्टेशनवर बसेन. यावंसं वाटलं तर ये. नाही वाटलं तरी मला ते समजेल. राजसला पाठवू नकोस.

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. वयाचा विचार करू नकोस, हा घे.

साष्टांग नमस्कार.
लीला