खाली

शुक्रवार, १४ मार्च २००३. गुडगाव

रजा मिळाली. इराकवर हल्ला आज होतो की उद्या, आणि मी सायकली चालवायला वाळवंटात निघालेय! ऑफिसात अविनाश म्हणाला, "मॅडम, या वयात हनिमून?" हसून वेळ मारून नेली.

पुण्याच्या आवृत्तीचं संपादकपद देऊ केलंय. एप्रिलअखेर उत्तर द्यायचं आहे. श्रीरंगला अजून सांगितलेलं नाही. जायचं तर एकटीनं, हे मनात जवळजवळ ठरलंय. डिसेंबरपासून तो घरात असून नसल्यासारखा. विचारलं की "काही नाही." सोसायटीत कुणी बोलायला आलं की नुसती मान हलवतो आणि लिफ्ट गाठतो. ही सहल त्याचीच कल्पना. परतीच्या वाटेवर सांगून टाकीन.

शनिवार, १५ मार्च. फतेहपूर, राजस्थान

गाडीच्या टपावर गिअरच्या दोन सायकली. करोल बागेतून बसवून घेतलेला कॅरिअर दर खड्ड्याला करकरतो. हायवे निम्मा खणून ठेवलाय. गाडी मीच चालवली — पूर्वी श्रीरंग स्टीअरिंगला हात लावू द्यायचा नाही, आज किल्ली आपणहून दिली.

पेट्रोल पंपावरच्या माणसानं त्याच्या खिडकीशी येऊन विचारलं, टाकी फुल करू का. श्रीरंग समोर बघत बसला. तो माणूस पुन्हा विचारतोय, हा ढिम्म. शेवटी मी बोलले. राग आला. एवढी कसली मिजास?

रविवार, १६ मार्च. बिकानेर

भांडणसुद्धा होत नाही आमचं आता.

सोमवार, १७ मार्च. जैसलमेरच्या पुढे

रोहिड्याची झाडं फुललीत. पानं दिसतच नाहीत, नुसता केशरी जाळ. वाळूत चाकं रुततात, पण मुरमाड टेकाडांवर सायकल छान धरते. श्रीरंग उतारावर सुरेख चालवतो. सीटवरून उठून, गुडघे सैल सोडून. मागून बघताना वाटलं, हा माणूस मला फार आवडायचा.

वाटलं, आणि पुढं काही नाही.

मंगळवार, १८ मार्च. धुळवड

नीट लिहायला हवं.

गाडी गावात ठेवून सकाळीच निघालो होतो. दुपारपर्यंत बाटल्यांमधलं पाणी तळाला गेलं. एका झोपडीपाशी बाई शेळ्यांना पाला घालत होती. श्रीरंग माझ्या बराच पुढे. तिनं हात करून सांगितलं, ते मलाही स्पष्ट ऐकू आलं — "उधर टांका है, पर खाली है." टांका म्हणजे पावसाचं पाणी साठवायची जमिनीतली टाकी. श्रीरंगनं हात हलवून आभार मानले आणि सरळ उताराला लागला. मी हाका मारल्या. थांबला नाही.

गाठलं तेव्हा तो कोरड्या टाक्यात वाकून बघत होता. तळाशी वाळू आणि मेलेली पाल.

"खाली आहे म्हणाली ना ती?"

"अरे, खाली म्हणजे रिकामा."

"रिकामा? मग खाली का म्हणाली?"

चेष्टा करतोय असं वाटलं. दिल्लीत नवे असताना आर. के. पुरमला बिऱ्हाड केलं तेव्हाचा माझाच किस्सा हा. दूधवाला म्हणाला, 'खाली बोतल', आणि मी बाटली घेऊन जिना उतरून खाली गेले. येईल त्या पाहुण्याला श्रीरंग हे नक्कल करून सांगायचा. तोच श्रीरंग! हिंदीत भांडून टेलिफोन मिळवलेला, हिंदीत विनोद करणारा माणूस.

मी हसले. तो हसला नाही. टाक्याच्या कडेवर बसला. ओठ पांढरे पडलेले.

मी वर जाऊन त्या बाईकडून पाणी आणलं. ते पिऊन झाल्यावर बोलला. डिसेंबरात एका मीटिंगमध्ये सुरू झालं. माणसं हिंदीत बोलतात, आवाज येतो, शब्द सुटे कळत नाहीत. आधी वाटलं कान गेले, पण कान उत्तम. ऑफिसात मान हलवून निभावतो, इंग्रजी कागद दोनदा वाचतो. वाळवंट सुचवलं, कारण इथं बोलायला माणसं कमी.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझं सगळं कळतं गं मला. म्हटलं, तेवढं तरी राहू दे."

मिजास म्हणे. तीन महिने मी त्याला मिजासखोर समजत होते.

पुण्याचं बोलले नाही.

गुरुवार, २० मार्च. परतताना

युद्ध सुरू झालं. ढाब्यावर टीव्हीसमोर ही गर्दी. बातम्या हिंदीत. श्रीरंग पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता. मी हळू आवाजात मराठीत सांगत राहिले. शेजारचा सरदारजी वैतागून म्हणाला, बहनजी, आपकी कमेंट्री बंद करो. केली नाही.

मंगळवार, ८ एप्रिल. गुडगाव

स्कॅन, चाचण्या, सगळं झालं. डॉक्टर तरुण, न घाबरवता बोलणारे. मेंदूचा ऱ्हास आहे. त्याची सुरुवात भाषेपासून झाली आहे. औषध थांबवणारं नाही, फार तर रेंगाळवणारं. मागाहून शिकलेली भाषा बहुतेकदा आधी जाते म्हणाले, पण तसा नियम नाही.

श्रीरंगनं मला घरी येताना विचारलं, काय म्हणाले. सांगितलं. खिडकीबाहेर अर्धवट उभे टॉवर बघत राहिला. मग म्हणाला, "मराठी किती दिवस?"

सोमवार, १४ एप्रिल

सांगितलं एकदाचं. पुण्याचं, आणि एकटी जाणार होते तेही. त्याच्यापासून लपवायचं काही उरलेलं नाही.

"मग आता?"

"आता दोघं."

दूधवाला, रिक्षावाला, शेजारी, भाजीवाली, सगळं मराठी. एकही शब्द वेगळा कानावर पडणार नाही. संध्याकाळी पुण्याला होकार कळवला. श्रीरंगनं खोबरं घातलेली आमटी मागितली. दोनदा घेतली. रात्री मला झोप लागली — किती दिवसांनी!

शनिवार, १० मे

सामान बांधून झालं. ट्रक उद्या येतोय. दोरी आणायला मार्केटात गेले होते. परत येऊन बेल वाजवली. श्रीरंगनं साखळी न काढता दार थोडंसं उघडलं.

"जी, किससे मिलना है आपको?"

हिंदी अगदी स्वच्छ होती.