कागद बरा हाय

पनवेल
शनिवार, दुपार

प्रिय निशा,

मंगळवारी तू फोनवर पाठवलेला रिपोर्ट पोचला. मी तो उघडलेला नाही. खाली तू लिहिलंयस, ‘मावशी, नॉर्मल आहे ना, एवढंच सांग.’ एवढ्याचं उत्तर द्यायला मला चार दिवस लागले. फोनवर मी एकतर भांडते नाहीतर उपदेश करते. चौतीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला तिसरा सूर येत नाही, म्हणून हे पत्र; फोटो काढून आत्ताच फोनवर पाठवतेय.

आपल्या घरात रिपोर्ट वाचायचं काम माझ्याकडे कसं आलं, ते तुला ठाऊक आहे. मिठागरात राबणाऱ्या माणसाची थोरली पोर नन्सच्या शाळेत गेली, इंग्रजी शिकली, म्हणून विचुंब्यापासून आपट्यापर्यंत सगळ्या नातेवाइकांची पाकिटं माझ्या टेबलावर. डॉक्टर काय म्हणाला ते नंतर, आधी शशिकलाताई काय म्हणते ते. मला ते आवडायचं, हेही लिहून टाकते. नन्सनी शिकवलं होतं, चूक असते तिथे लाल शाई असते. लॅबवाले लाल शाईऐवजी आकडा ठळक छापतात. ठळक काही दिसलं नाही की मी पाकीट परत द्यायचे. काही झालेलं नाही, घरी जा.

तुझी आई असंच पाकीट घेऊन पहिल्यांदा आली, तेव्हा तू शाळेत होतीस. दिवसभर झोप येते म्हणाली. थंडी वाजते. आवाज घोगरा, केस कंगव्यात, भुवया अर्ध्या उरलेल्या. डॉक्टरांनी थायरॉईड तपासायला सांगितलं होतं. टीएसएच दोन पूर्णांक एक. ठळक नाही. मी म्हटलं, किशोरी, तू ठणठणीत आहेस. पुढच्या काही वर्षांत तिने तीन डॉक्टर बदलले. एकाने लोहाच्या गोळ्या दिल्या, एकाने वयाचा दाखला दिला, तिसऱ्याने झोपेच्या तक्रारीवर झोपेचीच गोळी लिहिली. त्या शहाण्याला भेटायची माझी अजून इच्छा आहे. पण दर वेळी तोच एक आकडा तपासला गेला, दर वेळी नॉर्मल आला, आणि दर वेळी वाचला मी.

तुझ्या हळदीचा दिवस आठवतो? मे महिना, मांडवात माणसं घामाने निथळत होती आणि तुझी आई स्वयंपाकघरात स्वेटर घालून भाकऱ्या थापत बसली होती. थापता थापता तिचा डोळा लागला, भाकरी तव्यावर करपली. तुझी आजी कमळाबाई सगळ्या बायांसमोर म्हणाली, “हिची हाडंच आळशी. पोराला दूधसुदीक पाजलं नाय हिनं.” मी बहिणीची बाजू घ्यायला हवी होती. मी म्हटलं, “किशोरी, तुझा रिपोर्ट माझ्यापेक्षा चांगला आहे. आता नखरे पुरे.” तिने पीठ लागलेल्या हातांनी तवा उतरवला आणि म्हणाली, “ताई, कागद बरा हाय. मी नाय.” बाया हसल्या. मीही हसले.

त्यानंतर तिने तक्रार केली नाही. दवाखान्यात चल म्हटलं तर तुझ्या बाबांना सांगायची, ताईनं वाचलंय.

पुढे सप्टेंबरात तिला जुलाब लागले. घरात सगळ्यांनाच लागले होते, बाकीचे दोन दिवसांत उठले. ती उठली नाही. रक्तदाब लागेना, साखर खाली, सोडियम खाली. अतिदक्षता विभागात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून विचारलं, यांच्या बाळंतपणात फार रक्तस्राव झाला होता का? नंतर दूध आलं होतं का? पाळी परत सुरू झाली होती का?

निशा, सतरा वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. तुझ्या भावाच्या, प्रणितच्या वेळी तिला चार बाटल्या रक्त चढवलं होतं. प्रणित डब्याच्या दुधावर वाढला. पाळी आलीच नाही, तर बाया म्हणाल्या, सुटलीस. मला हे सगळं माहीत होतं. ते कुठल्या रिपोर्टवर छापलेलं नव्हतं, म्हणून मी ते वाचलं नाही.

त्या बाईंनी समजावलं ते असं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, ती थायरॉईडला हुकूम सोडते. टीएसएच म्हणजे तो हुकूम. बाळंतपणात फार रक्त गेलं की ती ग्रंथीच मरू शकते. मग हुकूम नुसता नावाला निघतो, आकडा नॉर्मल दिसतो आणि थायरॉईड काम करत नाही. मुख्याध्यापिका खुर्चीत बेशुद्ध, पण हजेरीपटावर सही रोजची, असं समज. त्याच ग्रंथीच्या हुकमावर आजारपणात अंगाला तोलून धरणारं दुसरं एक द्रव्य बनतं, कॉर्टिसॉल. तेही तिच्यात नव्हतं. निदान तिसऱ्या दिवशी झालं. चौथ्या दिवशी ती गेली.

तू काळजीने आईला मारलंस, परजातीत लग्न केलंस म्हणून ती खचली, असं कमळाबाई अजून सांगत फिरते. ते खोटं आहे. ती कशाने गेली हे मला तेव्हापासून ठाऊक होतं आणि मी तुला सांगितलं नाही, कारण त्यात माझं नाव येतं.

परवा हितेशचा फोन आला होता. तू सांगितलं नाहीस ते त्याने सांगितलं. माहेर उरलं नाही म्हणून तू सासरी भरूचलाच बाळंत झालीस, तीन बाटल्या रक्त लागलं, बाळ चाळीस दिवसांचं झालं तरी दूध नाही, आणि तू पंखा बंद करून गोधडीत पडून असतेस. तुझा कागद मी वाचणार नाही. उद्या रविवार असला तरी सकाळीच हितेशला घेऊन मोठ्या इस्पितळात हार्मोनच्या डॉक्टरांकडे जा. रक्त किती गेलं ते आधी सांग, आकडे नंतर. फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉईड स्वतः बनवतं ते द्रव्य, आणि सकाळचं कॉर्टिसॉल तपासायला सांग. कॉर्टिसॉल पाहिल्याशिवाय कुणी थायरॉईडची गोळी दिली तर घेऊ नकोस, ते कमी असताना ती गोळी जिवावर बेतते. उलट्या झाल्या, चक्कर आली तर वाट न पाहता इस्पितळ गाठ. कुणी नॉर्मल म्हटलं तर आईचं वाक्य त्याच्या तोंडावर मार. सोमवारच्या गाडीने मी येतेय. मी पोचेपर्यंत तू डॉक्टरांकडे जाऊन आलेली हवीस.

तुझीच, उशिरा वाचायला शिकलेली,
शशिकलामावशी