दारातून पाहिलेला शेवट

बाळकुम, ठाणे

प्रिय चिराग,

पत्र बघून हसशील. बापाला म्हातारचळ लागला म्हणशील. म्हण. फोनवर तू माझ्याशी दोनच वाक्यं बोलतोस, 'बरा आहे' आणि 'आईला द्या'. तिसरं मी तोंडातून काढायच्या आत फोन कापतोस. पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस एकदा तरी वाचतोच. आपला धोंडिबा बर्फाची गाडी घेऊन गोव्याला निघालाय, त्याच्या हाती देतोय. तू वाचेपर्यंत जागचं हलायचं नाही असा त्याला दम दिलाय. तेव्हा त्याला चहा पाज, आणि वाच.

विषय तुझ्या त्या यंत्रमानवांच्या पिक्चरचा आहे. त्याच्या दुसऱ्या भागाचा शेवट मी तुला फोनवर सांगितला, तो चुकीचा सांगितला. साफ चुकीचा. एरवी मी असल्या गोष्टीसाठी कागद काळा केला नसता. पण त्या फोननंतर तू काय ठरवलंस ते दक्षताने मला सांगितलं, रडत रडत. तुझ्या भावाला तोडणारा तो ऋतुराज जामिनावर सुटून कोळीवाड्यात परत आलाय. तू नारळी पौर्णिमेची रजा टाकलीस. आणि बहिणीला म्हणालास, हर्षितचं वर्षश्राद्ध मी माझ्या पद्धतीने घालणार. तू ऋतुराजला मारायला येतो आहेस, चिराग. घरात हे कोणी तोंडाने बोलत नाही, म्हणून मी लिहितोय.

आधी माझ्या धंद्याची गंमत सांगतो, म्हणजे चूक कशी झाली ते कळेल. जाळं सोडून मी मॉलमधल्या थेटराच्या दारात उभा राहिलो, तेव्हा तुला वाटलं असेल बाबा रोज फुकट पिक्चर बघतात. कसलं काय. पिक्चर सुरू होतो तेव्हा आम्ही बाहेर तिकिटं फाडत असतो. मध्यंतर झालं की पॉपकॉर्नचे सांडलेले ढीग. पुढे कोणाला बाथरूमचा रस्ता दाखव, कोणाची सीटवरून भांडणं सोडव. शेवटची काही मिनिटं राहिली की आत जाऊन दरवाज्यापाशी उभं राहायचं, दिवे लागले की दार उघडायचं. त्यामुळे मी शेकडो पिक्चरांचे शेवट पाहिलेत आणि सुरुवात जवळजवळ कशाचीच नाही. रडतंय कोण, मेलं कोण, लग्न कोणाचं, सगळं अंदाजाने जुळवायचं. तुझी आई म्हणते, तुम्ही म्हणजे मेलं कोण ते न विचारता तेराव्याला जेवून जाणारे पाहुणे. तिचं तोंड तुला माहीतच आहे.

पहिला भाग मात्र मला तुम्ही दोघा भावांनी पाठ करून दिला होता. सगळी दुनिया पाण्याखाली गेलेली, माणसं लोखंडी टॉवरात राहतात, आणि कंपनीचे ते अर्धे माणूस अर्धे पोलाद असलेले शिपाई हिरोचं घर जाळतात. मग हिरो एकेकाला गाठून फाडतो. कोणाचा हात खांद्यापासून उपटतो, कोणाचं डोकं लिफ्टच्या दारात धरतो. मागे ढोल वाजतात, आणि एकेक पडला की थेटर शिट्ट्यांनी फुटतं. शेवटी रक्ताने भरलेल्या तोंडाने तो पडद्यातून आपल्याकडे बघतो आणि म्हणतो, "अभी एक बाकी है." हर्षितने त्या हिरोसारखे केस कापले, तू त्याचा गॉगल आणलास. कोळीवाड्यातली सगळी पोरं वरातीत कोयते नाचवत तेच ओरडायला लागली. आम्ही म्हातारे ओट्यावर बसून हसायचो. पोरखेळ वाटायचा.

तो पोरखेळ गेल्या नारळी पौर्णिमेला संपला. तू गोव्यात होतास, तुला जे कळलं ते ऐकीव. भांडण तरी कशाचं? नारळाच्या मानाचं. सोनेरी कागद लावलेला नारळ खाडीत आधी कोणत्या घराने सोडायचा, एवढंच. वर्षानुवर्षं आपल्या घराचा मान, ऋतुराजचं म्हणणं की यंदा पाळी बदलायची. जुन्या माणसांनी ते पाच मिनिटांत मिटवलं असतं, पण डीजेच्या आवाजात जुन्या माणसांचं ऐकतो कोण? हर्षितने त्याला ढकललं. खरं ते लिहितो, पहिला हात आपल्या पोराने लावला. ऋतुराज चिखलात पडला, सगळे हसले, आणि तो उठला तो कोयता घेऊनच. पहिला घाव मानेजवळ बसला. दुसरा हर्षितने अडवायला हात वर केला, त्या हातावर. दोन बोटं जेट्टीच्या पायरीवर पडली. तिसरा पोटात. आणि तिसऱ्याच्या वेळी तो ओरडला, "अभी एक बाकी है." हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं. तुझा जो हिरो, तोच त्याचाही हिरो होता रे.

यंदा दुसरा भाग आला. पहिल्या दिवशी पोरं ढोल घेऊन आली होती. बाहेर फटाके. सगळ्या देशाला त्या उरलेल्या एकाचा मुडदा बघायचा होता. मी नेहमीप्रमाणे शेवटाला आत शिरलो. पडद्यावर एक म्हातारी, समोर हिरो जेवायला बसलेला. म्हातारी माशातले काटे बोटांनी काढते, घास त्याच्या ताटात ठेवते, काहीतरी बोलते आणि तो हसतो. संपलं. मी आपलं जुळवलं, हिरोने त्या एकाला संपवलं आणि तो आईकडे घरी आला. बरं वाटलं मला. म्हटलं, तुला सांगावं, तेवढंच बोलणं होईल. पिक्चरचं नाव काढलं म्हणून त्या दिवशी तू फोन कापला नाहीस. तुला सांगितलं, आणि तू वर्षभरात पहिल्यांदा माझ्याशी हसलास. म्हणालास, बघा बाबा, मारूनही माणूस घरी जेवायला येतो. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी तू रजा टाकलीस.

माझ्या डोक्यात एक गोष्ट मात्र घुसत नव्हती. शेवट जर इतका गोड, तर लोक शिव्या देत बाहेर का येतात? रोज येत होते. एकाने सीट चाकूने फाडली. एका टोळक्याने पैसे परत मागत आमच्या रत्नदीपला, म्हणजे सुपरवायझरला, भिंतीशी दाबून मारलं. त्याचा दात पडला. बिचारा तोंडावर रुमाल धरून म्हणतो, गुणाजीकाका, पिक्चर मी बनवला नाही हो. एक पोरगा माझ्या अंगावर कोल्ड्रिंक ओतून गेला, ये क्या दिखाया बुढ्ढे म्हणत. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी तिकीट काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्याच थेटरात सुरुवातीपासून बसलो.

चिराग, त्या दुसऱ्या भागात एकच माणूस मरतो. मध्यंतराच्याही आधी. हिरो त्या उरलेल्या एकाला पाण्याखालच्या जहाजाच्या एका खोलीत गाठतो, त्याच्या पोटात लोखंडी सळई घालतो, आणि मागचं दार बंद होतं. खोलीत हवा भरेपर्यंत ते दार उघडत नाही. मारणारा आणि मरणारा, दोघं आत. ढोल नाहीत, गाणं नाही. पोलादाचा अर्धा भाग बंद पडतो आणि उरतो तो एक पोरगा, मिसरूडसुद्धा नीट न फुटलेला. तो लगेच मरत नाही. आतडी हाताने आत ढकलायला बघतो. सळई ओढून काढ म्हणतो, काढायला गेलं की किंचाळतो, मग काढू नको म्हणतो. पाणी मागतो. कपड्यांतच सगळं होतं, त्याची लाज वाटून मारणाऱ्याला म्हणतो, तिकडे बघ. हिरो दारावर मुठी आपटतो, नखं तुटेपर्यंत. ज्याला मारायला आला त्याला वाचवा म्हणून ओरडतो. कोणी येत नाही. थेटरातली पोरं आधी शिट्ट्या मारत होती, मग हसायला लागली, मग ओरडली, मर ना साल्या. मग एकेक उठून गेली. मरायला इतका वेळ लागतो हे त्यांना कोणी दाखवलंच नव्हतं.

मरताना तो पोरगा म्हणतो, आईला सांग, वाट बघू नको, जेवून घे. हिरो ते सांगायला तिच्या घरी जातो. म्हातारीला वाटतं हा पोराचा दोस्त आहे. ती त्याला बसवते, वाढते. तो काही न सांगताच जेवून उठतो. दुसऱ्या दिवशी परत जातो, परत जेवून येतो. बाकीचा सगळा पिक्चर तेवढाच. मी ज्या म्हातारीला हिरोची आई समजलो, ती मेलेल्याची आई होती. आणि हिरो हसत होता ते सुटल्याचं हसू नव्हतं, माझा पोरगा कधी येणार असं ती रोज विचारते, त्याचं उत्तर टाळण्यासाठी होतं. मी सीटवर तसाच बसून राहिलो. आमचाच एक पोरगा येऊन म्हणाला, काका, उठा, झाडायचंय.

बाप म्हणून माझं मत विचारशील तर पिक्चर खरा आहे. लोकांना आवडला नाही ते बरोबरच, खरं कोणाला आवडतं? पण एक लक्षात ठेव. मला ऋतुराजची दया येत नाही. त्याला बाजारात मजेत चालताना बघितलं की माझा हात अजून सुरीकडे जातो. कोर्टात तारीख लागली की मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून त्याच्याकडे बोट दाखवणार आहे, आणि तो सडावा हीच माझी इच्छा आहे. तू त्याला मारलंस तर तो सुटला. मग लोक त्याच्या नावाचे फलक लावतील आणि आरोपी तू होशील. त्याची आई जनाबाई मासळी बाजारात आता एका टोकाला बसते. तिच्याकडून कोणी मासळी घेत नाही. परवा तुझी आई समोरून गेली तर ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "वयनी, मना शिव्या तरी द्या." तुझ्या आईने दिल्या. पोटभर दिल्या. घरी येऊन मग जेवली नाही.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. हर्षित जागच्या जागी गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही, असं तुला सगळ्यांनी सांगितलंय. मीही ते तसंच राहू दिलं. तो जागच्या जागी गेला नाही. मिरवणुकीने रस्ता अडला होता, रिक्षा पुढे सरकत नव्हती आणि त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी पोटावर माझा शर्ट दाबून धरला होता. त्याने पाणी मागितलं, ते देऊ नये म्हणतात म्हणून मी दिलं नाही. तो शुद्धीवर होता आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होता. "बाबा, चिरागला आत्ता सांगू नको. तो कोयता घेऊन येल. सगलं आटपल्यावर सांग. माज्या गल्याची आन हाय." पिक्चर बघेपर्यंत मला वाटत होतं, हे तुला सांगितलं तर तुझं डोकं आणखी फिरेल. तू माझ्याशी दोन वाक्यांपलीकडे बोलत नाहीस ते का, हे मला ठाऊक आहे. भावाचं तोंड तुला बघू दिलं नाही, चिता विझल्यावर फोन केला, असला कसला बाप. तू दारात उभा राहून जे जे बोललास ते मी मान खाली घालून ऐकलं, कारण तेव्हा ऋतुराज अजून पकडला गेला नव्हता, आणि खरं कळलं असतं तर तू त्याला शोधत निघाला असतास. मरता मरता हर्षितने स्वतःसाठी पाण्याखेरीज काही मागितलं नाही, ऋतुराजचं नाव घेतलं नाही. जेवढा श्वास उरला होता तेवढा तुला वाचवण्यात घालवला. मी त्याचं ऐकलं, तुझा राग पत्करून ऐकलं. आता तूही तुझ्या भावाचं ऐक.

तुझाच,
बाबा