पुढच्या पट्ट्यांवर माझी पकड

शनिवार, ३ मे. सकाळी ६.
आजपासून रोजनिशी. पॅराशूटच्या पुढच्या पट्ट्यांचा कोर्स सुरू. खांद्यांपासून वर छत्रीपर्यंत चार पट्टे जातात, दोन पुढे, दोन मागे. पुढचे दोन्ही ओढले की छत्री नाक खाली करून सुसाट सुटते. एकच ओढला की त्या बाजूला वळते. कोच त्यांना फ्रंट रायझर म्हणतो. माझं पडद्यांचं दुकान आहे. बावीस वर्षं कापड आणि दोऱ्याच ओढतोय. मला काय शिकवणार?

बायकोनेही नाव घातलंय. मुळात मी यात पडलो तो हिच्या सोबतीसाठी. ही दोन वर्षं एकटीच विमानातून उड्या मारते, ते मनाला पटेना.

ध्येय: २५ तारखेला लग्नाला पंचवीस वर्षं होतात. त्या दिवशी मैदानातल्या पांढऱ्या फुलीवर दोघांनी बरोबर उतरायचं. कोचची अट एकच, कार्डावर या कोर्सची सही हवी. नसेल तर त्या विमानात जागा नाही. साडूला सहकुटुंब आमंत्रण देऊन टाकलं. हा गृहस्थ पंचवीस वर्षं सासुरवाडीत माझ्या भित्रेपणाचे किस्से सांगतोय. आता बघ म्हणावं.

संध्याकाळी ५.
पट्टे ओढले. पट्टे खाली आले नाहीत, मीच वर गेलो. कोच जमिनीवरून दुर्बिणीने बघत होता. विचारतो, तुम्ही तिथे पुलअप्स का काढत होता? चार हजार फुटांवर पुलअप्स काढणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच, हे त्याच्या नजरेस आणून दिलं. सही केली नाही.

रविवार, ४ मे.
कोचचा सल्ला: आधी ब्रेकच्या दोऱ्या जरा ओढून सोडा, त्या क्षणी पुढचे पट्टे हलके होतात, तेव्हा ओढा. वेग वाढवायला ब्रेक! असल्यांच्या हाती आपले जीव. मान डोलावली आणि माझ्या पद्धतीने ओढला. उजवा पट्टा चार बोटं खाली आला. छत्रीच्या ते लक्षात आलं नाही. मक्याच्या शेतात उतरलो.

ही फुलीपासून तीन पावलांवर. वारा तिच्या बाजूने होता.

मंगळवार, ६ मे.
दुकानात सराव. सर्वांत जाड पडद्याच्या रॉडला दोन पट्टे बांधून लोंबकळलो. तेवढ्यात एक आजी आल्या. म्हणाल्या, घरी रॉड बसवताना पण असंच करून दाखवता का? हो म्हणणार तोच रॉड भिंतीच्या पोपड्यांसकट खाली. 'आजीवन हमी' ही पाटी तूर्त आत ठेवली आहे.

शनिवार, १० मे.
एका पट्ट्याला दोन्ही हात घातले. छत्री वळली! अखेर वळली! मग वळतच राहिली, कारण सोडायचं राहून गेलं. पाच गिरक्या. सकाळचा नाश्ता वाटेत कुठेतरी पडला.

कोचने मला आठवडाभर विश्रांती दिली. मला वाटतं, गरज त्याला होती.

ही म्हणते, ब्रेकचं ऐकून तर बघा. ही दातांची डॉक्टर. दिवसभर दाढा उपटून मनगटं तयार झालेली, तिला सल्ले द्यायला काय जातं? पण कोच हिच्या कार्डाकडे ढुंकूनही बघत नाही. बिचारी. धीर दिला. म्हटलं, सगळ्यांनाच पटकन जमत नाही. ती हो म्हणाली.

बुधवार, १४ मे.
संकल्प: रोज पन्नास जोर. आज चार. गालिचा टोचतो.

शनिवार, १७ मे.
समोरून वारा. अशा वेळी पुढचे पट्टे ओढले तरच पुढे सरकता येतं. ओढले. पुढे बघत बघत मागे गेलो आणि पायलटच्या नव्या गाडीच्या टपावर उतरलो. पायलट भला माणूस, एक शब्द बोलला नाही. बराच वेळ त्याला बोलताच येत नव्हतं.

साडूचा फोन. मोठा कॅमेरा आणतोय. कळवलं की तयारी जोरात आहे.

शनिवार, २४ मे.
शेवटची संधी. रबरी पकडीचे नवे हातमोजे. पकड अशी की विचारू नका. जीव खाऊन ओढलं. पट्टे जागेवर राहिले, हात मोज्यांतून बाहेर आले.

कोच नाही म्हणाला. ठीक आहे. म्हणजे उद्या आम्ही दोघंही खालीच. हिला एकटीला वाईट वाटू नये म्हणून मी मुद्दामच सही घेतली नाही, असं साडूला सांगता येईल.

रविवार, २५ मे.
कोचने विमानात बसणाऱ्यांची यादी वाचली. पहिलंच नाव हिचं. म्हटलं, चूक होतेय, हिलाही सही मिळालेली नाही. कोचने हिचं कार्ड पुढे धरलं. सही दीड वर्षापूर्वीची. मग महिनाभर हा कोर्स कशाला? तर म्हणाला, तुम्हाला एकट्याला वर पाठवायला मॅडम तयार नव्हत्या. दर वेळी तुमच्या मागून उडी मारायच्या आणि तुम्ही कुठे पडताय ते वरून बघत राहायच्या.

ही फुलीच्या मधोमध उतरली. साडूने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्याने विचारलं, तुम्ही कधी उतरणार? म्हटलं, मी उतरलेलाच आहे.

परत येताना हिला विचारलं, सही मिळाल्याचं सांगितलं का नाहीस? म्हणाली, त्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही "छान" म्हणालात आणि कुणाच्या तरी खिडकीचं माप लिहीत बसलात.

फार लाज वाटली. म्हटलं, मग या महिन्यात तरी सांगायचंस. म्हणाली, इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदाच माझ्याबरोबर कुठेतरी येत होता.

माझे हात वर होत नव्हते, म्हणून गाडी तीच चालवत होती.